एकशे एक आणि कोबीची एक ओळ

डोंगरावरच्या कापिगान गावात युसेबियोच्या तोंडून कुणाचं कौतुक कधी कुणी ऐकलं नव्हतं. भाजीचे ट्रक नेणारे ड्रायव्हर त्याच्या मते रेडे हाकायच्या लायकीचे होते. बागियो शहरातले मेकॅनिक नुसते नट पिळणारे होते. आणि कापिगानची माणसं? त्यांना कोबी लावता येतो, पान चघळता येतं आणि धुक्यात चाचपडत घर गाठता येतं, याच्या पुढे त्यांची अक्कल जात नाही, असं तो रोज जेवताना बायकोला सांगायचा. बायको ओफेलिया त्याच गावची. ती त्याच्या ताटात भात वाढायची आणि म्हणायची, "आणि तुला जेवता येतं."

युसेबियो काही वर्षं खाली मैदानात, समुद्राजवळच्या दागुपानला, एका मोठ्या गॅरेजात होता. तिथे त्याने बहुतेक काळ रॉकेलमध्ये सुटे भाग धुतले. हे गावाला त्याने सांगितलं नाही आणि गावानेही विचारलं नाही. शेवटी शेवटी मालकाने त्याच्या हातात गाडीला वायर लावली की सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर दिला आणि एक धडा पाठ करून घेतला: चावी फिरव, इंजिन चालू करू नको, हवेच्या दाबाच्या सेन्सरचा आकडा बघ. शंभर किंवा एकशे एक आला तर सेन्सर चांगला. कमी आला तर काढून फेक.

हा धडा आणि एक जुना स्कॅनर घेऊन युसेबियो डोंगरावर परत आला. मेव्हणीच्या वाफ्याचा रस्त्याला लागून असलेला तुकडा मागून घेतला, त्यावर पत्र्याची शेड ठोकली आणि पत्र्यावर लाल अक्षरात 'इंजिनाचे डॉक्टर' असं रंगवलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो स्कॅनरची वायर लावायचा, मान हलवायचा आणि आधी ड्रायव्हरला शिव्या घालायचा. दुरुस्ती त्यानंतर. ब्रेक, क्लच, पंक्चर यांत त्याचा हात बरा होता, म्हणून लोक येत. हवेच्या दाबाचा आकडा उघडून बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती आली मेव्हणीच्याच गाडीमुळे.

मेव्हणी म्हणजे फिलिपा, ओफेलियाची मोठी बहीण. तिची स्वतःची व्हॅन होती आणि कापिगान ते बागियो या लाइनीत तिचा नंबर होता. लाइनीत नंबर मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात. फिलिपाला तो नवऱ्याच्या मागे मिळाला होता. ती व्हॅन स्वतः चालवायची, बागियोपर्यंत प्रवाशांना दामटून बसवायची आणि टपावर गाजराची पोती चढवायची. हॉर्न बिघडला तरी तिचं अडत नसे, आवाज होता.

त्या महिन्यात तिची व्हॅन धूर ओकायला लागली. काळा, पेट्रोलच्या वासाचा धूर. चढावर मागच्या गाडीच्या काचा काळ्या व्हायच्या. जागेवर उभी असली की इंजिन हुंदके दिल्यासारखं गचके खायचं. शेवटी लाइनीचा अध्यक्ष क्रिसांतो टर्मिनलवर सगळ्यांसमोर म्हणाला, "फिलिपा, येत्या रविवारी चर्च सुटलं की मी सगळ्या गाड्यांच्या मागे पांढरं फडकं धरणार. तुझ्या गाडीने फडकं काळं केलं तर तुझा नंबर पुढच्या माणसाला. मग माझ्या नावाने ओरडू नकोस."

फिलिपा तिथून सरळ शेडमध्ये आली.

"युसेबियो, रविवारच्या आत हा धूर बंद झाला पाहिजे."

"होईल, मानांग." मेव्हणी मोठी, म्हणून तिला मानांग म्हणणं भागच होतं. तोंडाने तो ताई म्हणायचा आणि डोळ्यांनी बरंच काही.

"होईल नाही. झाला पाहिजे. माझा नंबर गेला तर मला या वाफ्यावर जगावं लागेल. मग ही शेड पाडून मी इथे कोबी लावीन. तुझ्या त्या डॉक्टरच्या पाटीवर काकडीचा वेल चढवीन."

ओफेलिया शेजारच्या आपल्या दुकानातून हे ऐकत होती. तिने बहिणीकडे बघून मान डोलावली.

युसेबियोने बॉनेट उघडलं. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर, मॅनिफोल्डवर, अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. आत हवेचा दाब किती आहे ते तो गाडीच्या मेंदूला सांगतो आणि त्या हिशेबाने मेंदू पेट्रोल सोडतो. हा सेन्सर चुकीचं सांगायला लागला की पेट्रोल नको तेवढं पडतं आणि गाडी काळं ओकते. इथपर्यंत युसेबियोला माहीत होतं. त्याने स्कॅनर लावला, चावी फिरवली.

एकशे एक.

"बघा," तो म्हणाला, "सेन्सर ठणठणीत. एकदम दागुपानसारखा आकडा. तुमच्या गाडीत एवढी एकच गोष्ट धड आहे."

मग त्याने प्लग बदलले. धूर तसाच. एअर फिल्टर बदलला. धूर तसाच. पेट्रोलच्या नळ्या सोडवून फुंकल्या, तोंडात पेट्रोल गेलं, दिवसभर थुंकत बसला. धूर तसाच. मग त्याने दोष फिलिपाला दिला.

"तुम्ही पेडलवर उभ्या राहता, मानांग. गाडी बिचारी काय करणार?"

"पेडलवरून उतरले ना, तर तुझ्या पाठीवर उभी राहीन. किती दिवस राहिले, मोजता येतात का, की त्यालाही वायर लावावी लागते?"

इकडे सासूने आपल्या परीने हालचाल केली. व्हॅन घेतली तेव्हा तिच्यासाठी कोंबडी कापली होती, पण तेव्हा घाईत आणि पावसात. ज्यावरून कौल घेतात ते पित्त नीट बघितलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. म्हणून म्हाताऱ्या पुजाऱ्याला बोलावलं, व्हॅन अंगणात उभी केली आणि कोंबडी कापली. पुजाऱ्याने यकृताखालचं पित्त बोटावर घेतलं. पातळ होतं, फिकट. म्हणजे कौल वाईट. दुसरी कोंबडी कापली. तिचं पित्त भरलेलं, गर्द हिरवं निघालं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, खारवून धुरावलेलं डुकराचं मांस घालून रस्सा उकळत ठेवला.

युसेबियो रश्श्याची वाट बघत उंबऱ्यावर बसला होता. त्याला राहवलं नाही.

"मनासारखं पित्त निघेपर्यंत कापत राहायचं, आणि मग म्हणायचं देव बोलला! आणि ही माणसं मला इंजिन शिकवणार."

सासूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या वाटीत कोंबडीची मान घातली. नुसती मान.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवलं की एखाद्या धडधाकट गाडीशी व्हॅन ताडून बघायची. डेल्विनची पिकअप समोरच उभी होती. डेल्विन कोबी घेऊन मैदानात जायचा आणि त्याची गाडी शिलाई मशीनसारखी चालायची. युसेबियोने तिला वायर लावली, चावी फिरवली.

सत्त्याहत्तर.

त्याने वायर काढली, पुसली, परत लावली. सत्त्याहत्तर.

"डेल्विन," तो गंभीर आवाजात म्हणाला, "तुझी गाडी गेली."

"कुठे गेली? ही काय उभी आहे."

"सेन्सर मेलाय. एकशे एक पाहिजे, सत्त्याहत्तर दाखवतोय."

"अरे पण मस्त चालतेय ती!"

"मरायच्या आधी माणूसही मस्त बोलतो."

डेल्विन भित्रा. त्याने त्याच दिवशी खाली जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून मैदानातल्या रोझारियो गावच्या दुकानातला नवा सेन्सर मागवला. युसेबियोने तो लावला. सत्त्याहत्तर.

"नकली!" युसेबियो ओरडला. "मैदानातल्या लोकांनी गळ्यात मारला तुझ्या. डोंगरातली माणसं दिसली की त्यांना डब्यात तळाला पडलेला माल आठवतो." त्याने नवा सेन्सर काढून जुना परत बसवला आणि नवा आपल्या खिशात टाकला, दुकानदाराच्या तोंडावर फेकायला.

यानंतर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. युसेबियो स्कॅनर गळ्यात अडकवून टर्मिनलवर गेला आणि रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांना एकामागून एक वायर लावत सुटला. पहिली, सत्त्याहत्तर. दुसरी, सत्त्याहत्तर. तिसरीचा आकडा अठ्ठ्याहत्तर निघाला, तर त्याने त्या ड्रायव्हरला सांगितलं, "तुझी थोडी उशिरा मरेल." रांगेतली एकही गाडी त्याने निरोगी ठरवली नाही.

क्रिसांतो शांतपणे जवळ आला. तोंडातलं पान त्याने एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"मी नीट समजून घेतो हं, युसेबियो. लाइनीतल्या ज्या ज्या गाड्या धूर सोडत नाहीत, त्या सगळ्या आजारी. आणि जी सोडते, ती तेवढी ठणठणीत?"

"आकडा सांगतो ते, मानोंग. मी नाही." मानोंग म्हणजे दादा; अध्यक्षाला तेवढं म्हणावंच लागायचं.

"आकडा आणि तू, दोघांची छान जोडी जमलीय."

"मला पण लाव रे ती वायर," मागून कुणीतरी म्हणालं. "सर्दी झालीय."

"त्याच्या सासूला लाव. मानेवरच भागवते म्हणे त्याचं."

सगळं टर्मिनल हसलं. रश्श्यातलं कुणाच्या वाटीत काय पडलं हे कापिगानमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं. युसेबियोने वायर गुंडाळली आणि मनात म्हणाला, हसा. रेडे हसत नाहीत, तेवढे ते तुमच्यापेक्षा बरे.

शनिवारी सकाळी डेल्विन कोबी भरून मैदानात निघाला, तेव्हा युसेबियो त्याच्या शेजारी जाऊन बसला. खिशात नवा सेन्सर, मांडीवर स्कॅनर. रोझारियोच्या दुकानदाराचं माप काढून परत यायचं आणि येताना खरा, एकशे एकचा सेन्सर आणायचा, असा बेत होता. ओफेलियाने वाटेत खायला दुकानातली चिप्सची दोन पाकिटं दिली. तिच्या दुकानात दोरीला लटकणारी सगळी पाकिटं ढोलासारखी टरारून फुगलेली असत. मैदानातून वर येता येता ती फुगतात, हे कापिगानमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पोरं ती मुद्दाम ठो करून फोडतात.

बागियोला चहाला थांबले. डेल्विनला गंमत सुचली.

"बघ ना, माझा पेशंट कसा आहे."

युसेबियोने इंजिन बंद करून चावी फिरवली. पंच्याऐंशी.

"अरे वा! सुधारला!" डेल्विनने मांडीवर थाप मारली. "बागियोची हवा मानवली."

"कनेक्टर सैल असेल," युसेबियो म्हणाला आणि कनेक्टर दाबला. पंच्याऐंशीच.

घाट उतरताना निम्म्या वाटेवर डेल्विन लघवीला थांबला. तो झाडामागे गेल्यावर युसेबियोने गुपचूप चावी फिरवली. ब्याण्णव. त्याने कनेक्टरला हात लावला नाही. घाम फुटला होता, पण खालची उष्णता वाढत होती हेही खरं.

रोझारियोला पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. डेल्विन कोबी उतरवायला गेला. युसेबियोने चावी फिरवली.

शंभर.

तोच सेन्सर. तीच मेलेली गाडी. तो कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिला. मग भुकेने त्याचा हात चिप्सच्या पाकिटाकडे गेला. सकाळी ढोलासारखं टरारलेलं पाकीट आता ढिलं होऊन त्याच्या मांडीवर पडलं होतं. कुणी फोडलं नव्हतं. खालच्या जड हवेने चारी बाजूंनी दाबून त्याला आक्रसवलं होतं.

वर हवा पातळ. खाली जड. दागुपानच्या मालकाचा आकडा दागुपानच्या हवेचा होता. तो डोंगरावर घेऊन जा, असं मालकाने कधी सांगितलं नव्हतं. युसेबियोने तो स्वतःहून नेला होता, रंगवून, पाटी लावून, गळ्यात अडकवून. इतकी वर्षं त्या फुगलेल्या पाकिटांखाली खुर्ची टाकून तो बसत आला होता. रोज एक फोडून खात आला होता.

आणि मग त्याला ती व्हॅन आठवली. अख्ख्या डोंगरावर समुद्राचा आकडा दाखवणारी एकटी फिलिपाची व्हॅन.

डेल्विन परत आला. "चल, दुकानदाराला झोडायचंय ना?"

"दुकान बंद असेल."

"तो बघ समोर, दारात उभा आहे. हात करतोय."

"बंदच असेल म्हटलं ना. चल घरी."

डेल्विनने खांदे उडवले आणि ढिलं पाकीट फोडून चिप्स खात गाडी सुरू केली. "सगळा चुराच झालाय," तो म्हणाला. युसेबियो घाटभर एक शब्द बोलला नाही. डेल्विनला वाटलं, गाडी लागली.

गप्प बसून युसेबियो एक युक्ती जुळवत होता. खिशातला तथाकथित नकली सेन्सर फिलिपाच्या व्हॅनलाही बसणारा होता. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना तो चढवून टाकायचा. विचारलं तर सांगायचं, खास परदेशी माल मिळवला, तुम्हाला कळणार नाही. सत्त्याहत्तरचं नावच काढायचं नाही. बॉनेट बंद, तोंड बंद.

रविवारी घंटा वाजली, गाव चर्चकडे गेलं. युसेबियो मागच्या दाराने शेडमध्ये शिरला. फिलिपा आत बसली होती. उलट्या खोक्यावर, हातात उकडलेलं रताळं. आणि त्याच्या कामाच्या टेबलावर, पान्यांच्या मधोमध, कोबीच्या रोपांचा ट्रे ठेवला होता. कोवळी, दोन-दोन पानांची रोपं.

"चर्चला नाही गेलात, मानांग?"

"देवाला सांगितलंय, आज मला शेतात काम निघू शकतं." ती रताळं सोलत होती. "तू चालू दे तुझं."

त्याने आधी जुन्या सेन्सरवर वायर लावली. यापूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं: इंजिन चालू ठेवून आकडा बघितला. एकशे एक. पेडल दाबलं, सोडलं. एकशे एक. इंजिन बंद केलं. एकशे एक. आत हवा ओढली जावो, न जावो, उंची असो की समुद्र, हे महाराज आपलं एकच वाक्य बोलत होते. गाडीच्या मेंदूला वाटत होतं, इंजिन जीव तोडून धावतंय, ओता पेट्रोल.

त्याने तो काढून नवा चढवला. चावी फिरवली. मग इंजिन सुरू केलं. आकडा झरझर खाली आला आणि तिशीच्या आसपास टेकला. गचके थांबले. साइलेन्सरमधून आधी काळं, मग करडं, मग नुसती वाफ आली.

फिलिपा उठून मागे गेली, वास घेतला, परत आली. "काय केलंस?"

"बदललं एक. परदेशी. तुम्हाला कळणार नाही."

"आकडा किती?"

"आकड्याचं काय घेऊन बसलात, धूर गेला ना?"

"अख्ख्या लाइनीला तू आकडे वाटत फिरलास. माझाच तेवढा लाजतोय? इंजिन बंद कर. चावी फिरव. बघू दे."

त्याने चावी फिरवली. तिने वाकून बघितलं.

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "म्हणजे माझी गाडी पण आता मेली?"

युसेबियोने फडक्याला हात पुसले. ते आधीच पुसलेले होते. "सगळ्यांसारखीच," तो म्हणाला.

"नीट सांग."

मग त्याने सांगितलं. हवा, समुद्र, दागुपान, चिप्सचं पाकीट. खाली बघून, रोपांच्या ट्रेला सांगितल्यासारखं. फिलिपाने शेवटपर्यंत ऐकलं. रताळं संपवलं.

"आम्ही मनासारखं पित्त निघेपर्यंत कोंबड्या कापतो, असं म्हणालास ना त्या दिवशी? आम्ही निदान त्या खातो. तू तर अख्ख्या गावाच्या गाड्या कापायला निघालास, आणि त्यातून एक वाटी रस्सा नाही कुणाला." तिने साली गोळा केल्या. "हे जे मला सांगितलंस ना, ते टर्मिनलवर सांगायचं. सगळ्यांसमोर. तुझ्या भीतीने डेल्विन परवा झोपला नाही. लाइनीतले दोघं गाड्या विकायला निघालेत. सांगितलंस तर शेड राहील. नाही तर रोपं तयार आहेत."

"गाडी बरी केली ना मी!"

"गाडी तू बरी केलीस. बिघडवलंस काय, ते पण तूच सांगशील."

चर्च सुटलं. क्रिसांतो अजून चर्चच्या कपड्यांत होता. त्याने पांढरं फडकं फिलिपाच्या साइलेन्सरपाशी धरलं आणि तिला रेस करायला लावली. फडकं ओलसर झालं, काळं नाही. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि घडी घातली. "नंबर राहिला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित निराशा होती. पुढचा माणूस त्याचाच भाचा होता.

फिलिपाने युसेबियोकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

"तुमच्या गाड्या आजारी नाहीत," युसेबियो म्हणाला.

"ऐकू आलं नाही!"

"तुमच्या गाड्या आजारी नाहीत! खाली हवा जड, चिप्सचं फुगलेलं पाकीटही ढिलं पडतं, तिथे शंभर येतो. आपण उंचावर आहोत. इथे सत्त्याहत्तरच यायला पाहिजे. एकशे एक सांगत होता, तो एकटाच खोटारडा होता."

"कोण, सेन्सर की तू?" मागून आवाज आला.

हशात पुढचं काही ऐकू येण्यासारखं उरलं नाही. डेल्विन तेवढा हसला नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "म्हणजे काल पाकिटामुळे तुझं तोंड उतरलं होतं? मला वाटलं, उलटी होणार."

त्या दिवसापासून युसेबियोचं नाव एकशे एक पडलं. ट्रकवाले हॉर्न देऊन ओरडतात, "एकशे एक, हवा कशी आहे?" तो पान्याने पत्र्यावर ठोकून उत्तर देतो. पाटी अजून आहे. गाड्या येतात, आता तो चावी फिरवून आकडा बघितल्यावर इंजिनही सुरू करतो, आणि त्यानंतरच ड्रायव्हरला शिव्या घालतो.

फिलिपाने शब्द पाळला, शेडला हात लावला नाही. पण रोपं तयार होती आणि तयार रोपं फुकट घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने शेडच्या दारात, आडवी, कोबीची एक ओळ लावली. गाडी आत घेता यावी म्हणून ओळीत नेमकं एका व्हॅनपुरतं अंतर सोडलं. युसेबियोला रोज सकाळी त्या फटीतूनच आत जावं लागतं.

"साधी एक ओळ सरळ लावता येत नाही या लोकांना," तीन महिन्यांनंतरही तो जेवताना म्हणाला.

ओफेलियाने त्याच्या ताटात भात वाढला, आणि भातावर कोबी. कोबी त्याच ओळीतला होता.